चूल, वैल आणि सरकारी अनुदान

मागच्या विकांताला पेणला आत्याकडे जाऊन आलो. पेण म्हणजे गणपतीवालं पेण शहर नव्हे, तालुका. वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की डोलवीच्या कारखान्याची धुराडी दिसतात, मग धरमतरच्या खाडीवरचा पूल येतो, आणि पूल ओलांडला की अलिबाग तालुका. आपली मुंबई-पुण्याची मंडळी दर शनिवारी या पुलावरून भुर्रकन मांडव्याला नाहीतर किहीमला निघून जातात. पुलाच्या अलीकडे खारेपाटातली गावं आहेत, त्यातल्या एकात आत्या राहते. तिचं जुनं कौलारू घर पाडून नवीन स्लॅबचं बांधायचं चाललं आहे, म्हणून सामान हलवायला मी आणि माझा एक चुलतभाऊ गेलो होतो.

परसात दोडक्याचा वेल चढवला होता एका सिमेंटच्या पाइपवर. चार इंची पाइप, वरच्या टोकाला टोपीसारखं काहीतरी. मी आत्याला विचारलं, हा बोअरवेलचा का? ती म्हणाली, "नाय रे बाला, तो चुलीचा. सरकारी चुलीचा." आणि मग मला एकदम आठवलं. मी दुसरी-तिसरीत असताना मे महिन्यात तिच्याकडे यायचो तेव्हा स्वयंपाकघरात एक वेगळीच चूल होती, दोन भोकांची, मागून पाइप वर कौलातून बाहेर गेलेला. "निर्धूर चूल" हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. दोनेक वर्षांनी गेलो तर ती चूल नव्हती. जुनी तीन बाजूंची मातीची चूल परत आली होती आणि तिच्या शेजारी वैल. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वैल म्हणजे चुलीच्या बाजूला जोडलेलं दुसरं भोक. चुलीवर भाकरी चालू असताना उरलेल्या आचेवर आमटी गरम ठेवायची. एका आगीवर दोन भांडी ही काही दिल्लीच्या शास्त्रज्ञांची कल्पना नव्हे, आपल्या आज्या-पणज्यांकडे ती होतीच.)

हे सगळं गमतीचं वाटलं असतं. पण गेल्या वर्षी आत्याला दम लागायला लागला म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "सिगारेट, बिडी?" आत्याने आयुष्यात विडी हातात धरलेली नाही. मिश्री होती, ती पण सोडून वीस वर्षं झाली. निदान आलं सीओपीडी. म्हणजे जो आजार आपण जन्मभर सिगारेटी ओढणाऱ्या लोकांचा समजतो तो. त्या दोडक्याच्या वेलाकडे बघताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. या बाईच्या घरातला धूर काढायला सरकारने पैसे दिले होते. चूल बांधून दिली होती. मग धूर गेला का नाही?

परत आल्यावर दोन-तीन रात्री यावर वाचत बसलो. हा लेख त्याचाच.

सुरुवात जरा लांबून करतो. आमच्या प्रोजेक्टमधला एक मराठी मुलगा लीड्सला असतो. दोन वर्षांपूर्वी कॉलवर त्याने कौतुकाने सांगितलं होतं की त्यांच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, त्याच्या घरमालकाच्या माळ्यावर लोकरीसारखे जाड थर घालायला आणि हीटिंग बदलायला अनुदान दिलं. मला तेव्हा वाटलं होतं, श्रीमंत देशांचे चोचले. पण त्या योजनांचा उगम शोधला तर तो धुरातच निघतो. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरकं साचलं. त्या वेळच्या हिशेबात सुमारे ४,००० माणसं दगावली, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. चौकशीला बीव्हर समिती बसली. तिच्या अहवालात निघालं ते असं की कारखान्यांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त त्रासाचा, घराघरातल्या कोळशाच्या शेकोट्यांचा धूर आहे. त्यातून १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला.

या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पैशांचं कलम. नगरपालिकेने एखादा भाग धूरबंदीचा म्हणून जाहीर केला की तिथल्या घरमालकाने शेकोटी बदलायची, आणि खर्चाचे दहातले सात भाग त्याला परत मिळायचे. सातातले चार केंद्र सरकारचे, तीन नगरपालिकेचे. घरमालकाच्या खिशातून फक्त तीन. आणि हे पैसे मिळायचे ते काम नीट झाल्यावर. पुढे १९७८ मध्ये घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर घालायलाही नगरपालिकांमार्फत अनुदान देणारा कायदा झाला. लीड्सच्या त्या माळ्याची पाळंमुळं इथपर्यंत जातात.

आता आपल्याकडे. मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ सालीच झाला होता, पण तो गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी. घरातली चूल हा सरकारच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. धरमतरचा आणि मुंबईच्या चुलींचा संबंध मात्र जुना आणि अगदी सरळ आहे. रस्ते आणि रेल्वे यायच्या आधी पेण, नागोठणे, रोहा हा सगळा मुलूख खाडीतून मुंबईशी जोडलेला होता. अंबा नदी नागोठण्यावरून येते आणि धरमतरला खाडी होऊन समुद्राला मिळते. भरतीला गलबतं वरपर्यंत जायची. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये इथून मुंबईला जाणाऱ्या मालात भात आणि मिठाबरोबर जळाऊ लाकूड आहे. मुंबईत लोक वाढत होते, त्यांच्या चुली पेटायला लाकूड आणि कोळसा लागत होता, आणि तो ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांतून जात होता. डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लावायचं काम कातकऱ्यांकडे आलं. उचल घेऊन पावसाळा काढायचा आणि मग सहा-सात महिने भट्टीवर राबून ती फेडायची, हे चक्र कित्येक पिढ्या चाललं.

दुसऱ्या बाजूला १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव झाली होती. मुंबईला लाकूड पाठवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला स्वतःच्या चुलीसाठी मोळी आणायची चोरी! २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. शाळेत आपण हे स्वातंत्र्यलढ्यातलं एक प्रकरण म्हणून वाचतो. मला आता ते जळणाच्या इतिहासातलंही प्रकरण वाटतं.

खारेपाटात तर डोंगरही नाही. बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन, सपाट, झाड नावाला. जळण काय? शेणाच्या गोवऱ्या, पेंढा, खाडीकाठची तिवरं, आणि पावसाळ्यात जे मिळेल ते. आत्या सांगते की ओलं तिवर पेटवायचं म्हणजे फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी. लहानपणी मला वाटायचं ती रडतेय.

निर्धूर चुलीची कल्पना आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आसपासची आहे, आणि तिचं एक गाव महाराष्ट्रात आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा तिथले प्रमुख. तिथे चाळीसच्या दशकात "मगन चूल" तयार झाली. मातीचीच, पण आग बंद कप्प्यात, दोन-तीन भांड्यांना आच आणि मागे धुराडं. हैदराबादच्या सरकारी इंजिनिअरिंग प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशाच चुलीवर काम केलं, त्यावर त्यांची पुस्तिका १९५३ ची आहे. तिच्या नावातच लाखो लोकांसाठी धूर नसलेली स्वयंपाकघरं असा मजकूर आहे. म्हणजे दिल्लीत योजना यायच्या तीस वर्षं आधी डिझाइन तयार होतं. सामूहिक विकास योजनेतल्या ग्रामसेविका पन्नास-साठच्या दशकांत गावोगाव ह्या चुली दाखवत हिंडल्याही. पण त्यामागे पैसा फारसा नव्हता, आणि सरकारचं लक्ष धान्याकडे आणि धरणांकडे होतं.

पैसा आला तो वेगळ्याच कारणाने. १९७३ ला तेलाचे भाव भडकले. १९७५ मध्ये एरिक एकहोम नावाच्या अमेरिकन लेखकाने लिहिलं की गरिबांचं खरं इंधनसंकट तेलाचं नाही, सरपणाचं आहे. चिपको गाजत होतं. जंगलं वाचवायची तर चुलीत कमी लाकूड जळलं पाहिजे, असा हिशेब झाला. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं खातं निघालं आणि डिसेंबर १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम. त्याआधी १९८१-८२ मध्ये गोबरगॅसची राष्ट्रीय योजना सुरू झालेलीच होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ब्रिटनमधला कायदा माणसं मेली म्हणून झाला. आपली योजना झाडं वाचवायला झाली. बाईच्या फुप्फुसांचा उल्लेख उद्दिष्टांत होता, नाही असं नाही, पण यादीत. आणि माहिती नव्हती असंही नाही. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की फुप्फुसांच्या जुन्या आजारातून हृदय निकामी झालेल्या रुग्णांत विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायका कितीतरी दिसतात, आणि चुलीच्या धुराकडे त्यांनी बोट दाखवलं होतं. १९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने अहमदाबादच्या शास्त्रज्ञांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून धूर प्रत्यक्ष मोजला. म्हणजे योजना सुरू झाली त्या वर्षापर्यंत आकडे हातात होते. पण चूल चांगली का वाईट हे ठरवायचं माप कोणतं धरलं? किती टक्के लाकूड वाचतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, जे मोजाल तेच सुधारेल. धूर कुणी मोजलाच नाही.

योजना चालायची अशी. दिल्लीहून राज्याला उद्दिष्ट, राज्याकडून जिल्हा परिषदेला, तिच्याकडून पंचायत समितीला. आपल्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा, १९८१ मध्ये रायगड झालं, कचेरी अलिबागला. पंचायत समितीपर्यंत आकडा आला की तो गावांत वाटायचा. चुलीच्या किमतीतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग अनुदान, मागासवर्गीय आणि डोंगराळ भागाला आणखी. गावातल्याच कुणाला तरी, बऱ्याचदा बायकांना, आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आणि दर चुलीमागे त्यांना मजुरी द्यायची. धुराड्याला सिमेंटचा पाइप. कागदावर बघितलं तर वाईट काहीच नाही. स्थानिक संस्था, स्थानिक कारागीर, थोडी रक्कम घरच्यांची. ब्रिटनच्या कायद्याशी बऱ्यापैकी मिळतंजुळतं.

फरक पडला तो पुढे. तिकडे काम तपासून पैसे, इकडे चूल बांधली की संख्या पूर्ण. ३१ मार्चच्या आत उद्दिष्ट गाठायचं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये धडाधड चुली. (रिलीजच्या आदल्या रात्री आपण काय करतो ते आठवा. तसंच.) मातीची चूल फार तर दोन वर्षं टिकते. तिच्या दुरुस्तीला योजनेत जवळपास काही नव्हतं, नवीन चुलीला मात्र होतं. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली तर त्यातल्या घरकुलाबरोबर संडास आणि निर्धूर चूल हवी असा नियम झाला. म्हणजे आणखी चुली. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम बंद करून राज्यांवर सोपवला तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्याची नोंद होती. त्यातल्या किती पेटत होत्या हा प्रश्न पाहण्या करणाऱ्यांनी विचारला तेव्हा उत्तर फार उत्साहाचं नव्हतं.

आत्याला मी तेच विचारलं, की तुम्ही ती चूल का मोडली. तिने जी कारणं सांगितली ती मी अहवालांत वाचलेल्या कारणांपेक्षा जास्त नेमकी आहेत. एक तर तांदळाची भाकरी. तव्यावरून उतरवून ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर टेकवून फुगवायची असते. त्या चुलीचं तोंड इतकं लहान की निखारे बाहेर ओढताच यायचे नाहीत. दुसरं लाकूड. तोंडात बसायला हातभर लांबीचे बारीक तुकडे हवेत. "तुकरं कोन करनार? कोयता घेऊन मीच." जुन्या चुलीत अख्खं ओंडकं सरकवत राहायचं, काम होतं. तिसरं कौलं. पाइपसाठी कौल फोडलं, तिथून पहिल्याच पावसात पाणी चुलीत. आमच्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस, त्यात मातीची चूल किती तग धरणार. आणि चौथं, जे मला कुठल्याच अहवालात दिसलं नाही. चुलीच्या वर शिंकाळ्यात आणि दांडीवर सुकं मावरं टांगलेलं असायचं, पावसाळ्याची बेगमी. धूर बाहेर गेला आणि त्याला वास यायला लागला, किडे पडले. धूर ही त्या घरातली औषधफवारणी होती. वासे, रिपा, बियाण्याचं भात, सगळं त्या काजळीने राखलेलं. कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा, हळूहळू का होईना. घराची रचनाच धूर धरून केलेली होती आणि आपण तिथे एक पाइप बसवून निघून आलो.

आणि पाइप साफ कोण करणार? महिन्याभरात काजळीने तो भरतो, मग धूर उलटा घरात येतो, पहिल्यापेक्षा वाईट. साफ करायला छपरावर चढावं लागतं. छपरावर पुरुष चढतात. धूर बायकांच्या डोळ्यांत जातो. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी ती योजना अडकली असं माझं मत झालं आहे. फार नंतर, २०१२ मध्ये, रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या हजारो घरांच्या अभ्यासातून जवळपास हेच दाखवलं. नवीन चुलीने पहिल्या वर्षी धूर कमी जातो फुप्फुसांत, पुढे देखभाल होत नाही, वापर घटतो आणि फायदा नाहीसा होतो.

सगळेच झोपलेले होते असं मात्र नाही. महाराष्ट्रासाठी या कार्यक्रमाची तांत्रिक बाजू पुढे पुण्याच्या "आरती" या संस्थेने सांभाळली. १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी ती काढली. (महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. घराण्याने महाराष्ट्रासाठी एकेक काय करून ठेवलंय!) त्यांनी मातीऐवजी सिमेंटच्या, साच्यात काढता येणाऱ्या चुली केल्या, लक्ष्मी, पार्वती अशा नावांच्या, आणि कुंभारांना त्या बनवून विकायला शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की फुकट किंवा अर्ध्या किमतीत मिळालेली चूल बाई मोडते, स्वतः पैसे देऊन घेतलेली जपते. मला हे पूर्ण पटत नाही. ज्या घरात पैशाचं पाकीट पुरुषाच्या खिशात आहे तिथे ती विकत घेणार कशी? पण दुरुस्तीला गावात माणूस हवा आणि त्याला त्यात चार पैसे सुटायला हवेत, हे शंभर टक्के खरं.

गोबरगॅसची कथा जरा बरी आहे. तिची सुरुवातही मुंबईची. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. जशभाई पटेलांनी पन्नासच्या दशकात लोखंडी तरंगत्या टाकीचं संयंत्र केलं, खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते उचललं. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन संडास आणि गोबरगॅस या दोन विषयांवर झटले. पुढे जिल्हा परिषदांचे कृषी विभाग अनुदान वाटायला लागले आणि संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. कोल्हापुरात गोठ्यात म्हशी, दुधाचे संघ, बायोगॅस रुजला. सिंधुदुर्गात झाराप इथल्या भगीरथ प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकाराने हजारो घरांत तो नेला, आणि तिथे संस्थेची माणसं बिघाड झाला की घरी जातात.

खारेपाटात का नाही झाला? दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच गुरं. खाऱ्या जमिनीत चारा कमी, गोड्या पाण्याची तर बोंबच, एप्रिल-मेमध्ये प्यायला हंडाभर मिळवताना मारामार. खणलं की खारं पाणी लागतं आणि लोखंडी टाकीला खारी हवा खाते. जे अनुदान कोल्हापुरात कामाला आलं ते इथे कागदावर राहिलं, यात कुणाची लबाडी असण्याची गरज नाही. अलिबागचा एकच फॉर्म डोंगरातल्या कातकरी वाडीला, रोह्याच्या भातशेतीला आणि खाडीकाठच्या गावाला लागू होता, एवढं पुरे आहे.

आता मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. ब्रिटनची धूरबंदी यशस्वी झाली ती काही नुसत्या अनुदानाने नाही. १९६७ मध्ये उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू किनाऱ्यावर आला आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या गॅस कंपनीने घरोघरी जाऊन शेगड्या बदलून दिल्या. इंधनच बदललं. आपल्याकडे १९७४ मध्ये बॉम्बे हाय सापडलं. त्याचा गॅस कुठे आला? उरणला. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. तिथून तो थळच्या खत कारखान्याला गेला, आणि अंबेच्या काठी, रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला, जिथे नव्वदच्या सुमारास मोठा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. उरणला स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढला जात होता. सिलिंडर मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत पोचत होते. मुंबईला नळाचा गॅस १८६० च्या दशकापासून माहीत होता आणि बर्माशेलचा सिलिंडर १९५५ पासून. आत्याच्या गावावरून मात्र गॅस जमिनीखालून जात राहिला आणि वर ती फुंकणी फुंकत राहिली. पूर्वी या खाडीतून मुंबईच्या चुलींसाठी लाकूड जायचं, नंतर गॅस जायला लागला. दिशा तीच.

खत नको होतं का, प्लॅस्टिक नको होतं का, असं कुणी विचारेल. हवंच होतं. देशाला युरिया हवा होता आणि त्या कारखान्यांत जिल्ह्यातल्या पोरांना नोकऱ्याही लागल्या, माझे एक काका त्यातलेच. पण चुलीसाठी दिल्ली जेव्हा मातीचं डिझाइन सुधारत होती तेव्हा खरं उत्तर काही मैलांवर पाइपात होतं, आणि ते खेड्यातल्या बाईला परवडेल असं करण्याचा विचार व्हायला २०१६ उजाडलं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, दर जोडणीला १,६०० रुपयांची मदत. ८ कोटीवी जोडणी दिली गेली ती ७ सप्टेंबर २०१९ ला, आपल्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर). जोडणी झाली, सिलिंडर भरून आणण्याचा खर्च मात्र दर वेळी नवा. २०२० मध्ये सबसिडी जवळपास शून्यावर आली, २०२२ मध्ये उज्ज्वलावाल्यांसाठी दोनशे रुपये परत सुरू झाली, २०२३ मध्ये तीनशे. या झोक्यांत आत्यासारखं घर काय करतं? चहा, पाहुणा आणि आजारपण गॅसवर. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि मावरं चुलीवर. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये लिहिलं की धूम्रपान न करणाऱ्यांतही सीओपीडी मोठ्या प्रमाणात आहे आणि जगभरात त्यामागचं फार मोठं कारण हा घरातला धूर आहे. म्हणजे पद्मावतींनंतर बरोबर पन्नास वर्षांनी.

मी जाताना माझा हवेचा छोटा मीटर घेऊन गेलो होतो, ऑनलाइन घेतलेला, पुण्यात दिवाळीत आकडे बघायला. आत्या पडवीत भाकऱ्या करत होती, तिच्या शेजारी ठेवला. दोन मिनिटांत ९९९ वर जाऊन थांबला. त्यापुढे त्याला मोजताच येत नाही. आत्याने विचारलं, "काय म्हनतंय?" मी म्हटलं, बंद पडलाय.

नवीन घराला स्लॅब पडणार, म्हणजे कौलांच्या फटी पण नाहीत. आत्याला मागच्या पडवीत चूल हवीच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मिस्त्री म्हणत होता खिडकी आहे की. मी कागदावर धुराड्याचं चित्र काढून दिलं, चुलीचं तोंड मोठं, पुढे निखारे ओढायला ओटा, पाइप भिंतीतून बाहेर काढून सरळ वर, आणि तळाशी एक झाकण, म्हणजे छपरावर न चढता उभ्या उभ्या काजळी काढता येईल. परवा तिचा फोन आला. पाइप सिमेंटचा घ्यायचा का पत्र्याचा? मी म्हटलं पत्र्याचा, तो जुना आस्बेस्टॉसचा आहे, त्याला हात लावू नका, वेल आहे तसाच राहू दे. "आनि साफ कोन करनार?" मी म्हटलं, मी येईन महिन्यातून एकदा.

ती हसायला लागली. पत्र्याचे दोन पाइप लागतील, पुढच्या रविवारी वडखळला जाऊन आणायचे आहेत.